गावातील पौष : हिवाळ्यातील वन्यजीवांचे निरीक्षण

वन्यजीव हा शब्द उच्चारताच सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य, वाघ आणि राखीव वने उभी राहतात. परंतु मनुष्याने न पाळलेला जीव असा त्या शब्दाचा सरळ अर्थ घेतला, तर वळचणीतील चिमणी, कुंपणावरील सरडा, तळ्यातील टिबुकली आणि पेंढ्याच्या गंजीखाली वावरणारे मुंगूस हे सारे वन्यजीवच ठरतात. मनुष्यवस्तीच्या इतक्या निकट राहूनही त्यांच्याविषयीची लेखी माहिती फार थोडी आहे. जे रोज दिसते ते लिहून ठेवावे असे कोणास वाटत नाही, हेच त्याचे मुख्य कारण होय.

दुसरा एक गैरसमज हिवाळ्याविषयीचा आहे. युरोपातील निसर्गवर्णनांत हिवाळा हा मौनाचा काळ असतो. तेथे जमीन बर्फाखाली जाते, कीटक नाहीसे होतात आणि पक्षी दक्षिणेकडे निघून जातात. भारतातील मैदानी प्रदेशाची स्थिती ह्याच्या नेमकी उलट आहे. सायबेरिया, मध्य आशिया, तिबेट आणि हिमालयाचा उंच भाग येथे अन्न दुर्मीळ झाले म्हणजे तेथील पक्षी ज्या प्रदेशाचा आश्रय घेतात, तो प्रदेश हाच. त्यामुळे मार्गशीर्ष, पौष आणि माघ हे महिने येथील निरीक्षकाच्या दृष्टीने वर्षातील अत्यंत समृद्ध महिने होत. स्थानिक जीव असतातच. त्यांत पाहुण्यांची भर पडते. शिवाय पुष्कळ झाडे विरळ झालेली असतात, आकाश बहुधा निरभ्र असते आणि पाऊलवाटा कोरड्या असतात.

हे निरीक्षण कसे करावे ह्याचे उदाहरण म्हणून छत्तीसगढमधील दुर्ग जिल्ह्यातील उतई ह्या गावाचा परिसर येथे घेतला आहे.

गाव आणि त्याचे विभाग

उतई हे भिलाईच्या दक्षिणेस वसलेले असून आता तेथे नगर पंचायत आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्यात आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतर भिलाई हे मोठे औद्योगिक नगर बनले. देशाच्या सर्व प्रांतांतून लोक तेथे येऊन स्थायिक झाले. मराठी कुटुंबेही त्यांत होती. उतईचा परिसर अशा रीतीने एका बाजूस पोलादनगर आणि दुसऱ्या बाजूस धानाची शेती ह्यांच्या मध्ये आहे. खेड्याचे शहर होत असताना तेथील पशुपक्ष्यांचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर असे स्थळ फार उपयुक्त ठरते.

हा सर्व प्रदेश महानदीच्या खोऱ्यात मोडतो. महानदीची उपनदी शिवनाथ ही दुर्ग जिल्ह्यातून वाहते. येथील शेतकरी जमिनीचे प्रकार रंगावरून व पोतावरून ओळखतो : मुरमाड भाटा, पिवळसर मटासी, मिश्र डोरसा आणि काळी कन्हार. निरीक्षकाने ही नावे शिकून घ्यावीत. कारण जमीन बदलली की तीवरील गवत, कीटक आणि पक्षीही बदलतात. उघड्या भाट्यावर चंडोल व टिटव्या अधिक दिसतात; ओल धरून ठेवणाऱ्या कन्हारात पाणलाव्यासारखे पक्षी चिखलात चोच खुपसताना आढळतात.

निरीक्षणाच्या सोयीसाठी अशा गावाचे चार विभाग कल्पावेत. पहिला घराची परसबाग, जिला छत्तीसगढीत बाडी म्हणतात. दुसरा घराचे अंगण व खळे. खळ्याला तेथे ब्यारा हा शब्द आहे. तिसरा तळे आणि चौथा कापणी झालेली शेते. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील वाचकाला ही मांडणी परकी वाटणार नाही. तिकडचे मालगुजारी तलाव, धानाच्या बांध्या आणि पेंढ्याच्या गंजी ह्यांचेच हे पूर्वेकडील रूप होय.

बाडीतील सकाळ

जानेवारीच्या मध्यास येथे सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. कडाक्याच्या थंडीत पहाटेचे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते; दुपारी मात्र ऊन चांगलेच जाणवते. ह्या फरकामुळे दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी वेगवेगळे जीव दिसतात. सूर्य वर येण्यापूर्वी वालाच्या मांडवावर आणि कुंपणाच्या काट्यांत कोळ्यांची जाळी दंवाने भरून स्पष्ट दिसतात. एरवी नजरेस न पडणारी जाळी मोजण्याची हीच वेळ होय. ऊन तापले की दंव आटते आणि जाळी पुन्हा अदृश्य होतात.

त्यानंतर पक्ष्यांची हालचाल सुरू होते. शेवग्याच्या फुलोऱ्यावर येणारा जांभळा शिंजीर ह्या दिवसांत लक्षपूर्वक पाहावा. विणीच्या काळात तकतकीत निळाजांभळा दिसणारा नर, विणीनंतर मादीसारखा पिवळसर होतो आणि त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा तेवढा उरतो. हिवाळा सरू लागला की नवी चमकदार पिसे येऊ लागतात आणि काही दिवस तो ठिगळे लावल्यासारखा दिसतो. हा बदल कोणत्या तारखेस सुरू झाला आणि केव्हा पूर्ण झाला, ह्याची नोंद एखादा शाळकरी मुलगाही करू शकतो.

वांग्याच्या व टोमॅटोच्या वाफ्यांत शिंपी हा बारमाही रहिवासी असतोच. परंतु दाट पानांतून ‘चक्, चक्’ असा कोरडा आवाज येत असेल, तर तो बहुधा बोरू वटवट्या ह्या पाहुण्याचा असतो. हा पक्षी क्वचितच उघड्यावर येतो. म्हणून त्याची गणना कानांनी करावी लागते. जुन्या भिंतीवर अथवा कौलांच्या कडेवर बसून शेपटी सारखी थरथरविणारा थिरथिरा हाही हिवाळी पाहुणा होय. नर काळा व तांबूस, तर मादी तपकिरी असते. हे पक्षी आपापला लहानसा टापू राखून असतात. त्यामुळे एकाच बाडीत रोज दिसणारा थिरथिरा हा बहुधा तोच पक्षी असतो.

कोण दिसत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कोकीळ ह्या काळात गावातच असतो, परंतु तो मूक असतो. बेडूक ओलसर मातीत व फटींत दडलेले असतात. पाली दिव्याभोवती फारशा जमत नाहीत. शीतरक्ताच्या ह्या प्राण्यांना शरीर तापविण्यासाठी बाहेरच्या उष्णतेची गरज असते. म्हणून सरडा सकाळी कुंपणावर अंग पसरून ऊन घेताना दिसतो आणि धामणीसारखा साप भर दुपारी बांधावर येतो. संध्याकाळी दिव्याकडे येणारे एक तपकिरी फुलपाखरूही पाहण्याजोगे असते. पावसाळी पिढीत त्याच्या मिटलेल्या पंखांवर डोळ्यांसारखी वर्तुळे असतात. कोरड्या ऋतूतील पिढीत ती जवळजवळ नाहीशी होतात आणि पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे दिसतात. जमिनीवर पाचोळा पडण्याच्या काळात हा वेष त्याला शत्रूपासून लपवितो.

दारावरची झालर

पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी परदेशांतील बागांतून लाकडी मंच टांगतात. छत्तीसगढच्या खेड्यांत ह्याच कामाची एक सुंदर देशी प्रथा आहे. धानाची कापणी झाली की लोंब्या विणून त्यांची झालर करतात आणि ती दाराच्या चौकटीवर किंवा ओसरीवर टांगतात. नव्या पिकाचा पहिला घास पाखरांना मिळावा, ही त्यामागील भावना. शोभेची ही वस्तू निरीक्षकाच्या दृष्टीने उत्तम साधन आहे. कारण तिच्यामुळे पक्षी एका ठराविक जागी, डोळ्यांच्या उंचीवर आणि मनुष्याला न भिता येतात.

झालरीवर किती चिमण्या आल्या, त्यांत नर किती व माद्या किती, पहिली चिमणी केव्हा आली, मुनिया किंवा खार आली काय, आणि झालर किती दिवसांत रिकामी झाली, ह्या पाच प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास दुर्बिणीचीही गरज नाही. खार दिसल्यास तिच्या पाठीवरील पट्टे मोजावेत. तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन वेगळ्या जाती भारतात आहेत आणि अनेकांनी जन्मभर खार पाहूनही हा भेद लक्षात घेतलेला नसतो.

चिमण्यांच्या मोजणीला विशेष अर्थ आहे. चिमण्या सर्वत्र नाहीशा होत चालल्या आहेत, असा समज गेल्या काही दशकांत रूढ झाला. देशभरातील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात निराळे चित्र दिसले. मोठ्या शहरांत चिमणी घटली असली, तरी देशाचा एकंदर विचार करता तिची संख्या साधारणपणे स्थिर असल्याचे आढळले. म्हणजे नगरवासीयांचा अनुभव खरा होता, परंतु तो साऱ्या देशाला लागू पडत नव्हता. नगर आणि खेडे ह्यांच्या सीमेवरील गावात काय घडत आहे, हे तेथील दारांवरच सांगता येईल.

तळ्याकाठी

छत्तीसगढ हा तळ्यांचा प्रदेश आहे. दुर्ग जिल्ह्यातीलच धमधा ह्या जुन्या गावाविषयी ‘छै आगर छै कोरी’ तळी असल्याचे सांगतात. कोरी म्हणजे वीस. सहा कोरी आणि वर सहा मिळून एकशे सव्वीस. आंघोळ, गुरांचे पाणी, शेती आणि मासेमारी अशा निरनिराळ्या गरजांसाठी खोदलेली ही तळी हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे आश्रयस्थान होतात. जवळच्याच बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा व परसदा येथील जलाशय तर हिवाळी पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत. २०२१ साली तेथे पक्षी महोत्सव भरविण्यात आला होता.

गावातील तळे लहान असते आणि त्यावर वर्दळही असते. तरीही काठावर शांतपणे अर्धा तास बसल्यास बरेच काही दिसते. पाण्याच्या मध्यभागी बुड्या मारणारी टिबुकली, कमळपानांजवळ काणूक, आणि थव्याने बसणाऱ्या शीळ घालणाऱ्या अडई हे येथील रहिवासी होत. वारकरी ह्या काळ्या, पांढऱ्या कपाळाच्या पक्ष्यांची संख्या हिवाळ्यात वाढते. मोठ्या व निवांत तळ्यांवर चक्रांग, थापट्या आणि लांब शेपटीचे तलवार बदक हे उत्तरेकडील पाहुणे उतरतात. लांब शेपटीचा कमळपक्षी मात्र ह्या ऋतूत आपली शेपटी गमावून बसलेला असतो. त्याचा वेषही फिका होतो. त्यामुळे पावसाळ्यात त्याला पाहिलेला मनुष्य हिवाळ्यात त्याला ओळखत नाही.

काठावर शेपटी खालीवर हलवीत धावणारे धोबी हे पाहुणा व रहिवासी ह्यांतील भेद शिकण्याचे उत्तम उदाहरण आहे. त्यांतील मोठा, काळ्या डोक्याचा आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असलेला धोबी वर्षभर येथेच राहतो. त्याहून लहान, पांढऱ्या चेहऱ्याचा, राखी पाठीचा आणि छातीवर काळी चंद्रकोर असलेला पांढरा धोबी आश्विनाच्या सुमारास येतो व चैत्रापर्यंत निघून जातो. दोघेही एकाच घाटावर, कपडे धुणाऱ्या बायकांपासून थोड्या अंतरावर किडे टिपत असतात.

खळे, शेत आणि रात्र

धान घरात आले की शेते ओस पडतात, असे वाटते. वस्तुतः ती ओस नसतात. उभ्या धानातच लाखोरी पेरण्याची उतेरा पद्धत छत्तीसगढात आणि पूर्व विदर्भातही रूढ आहे. जमिनीत उरलेल्या ओलीवर हे पीक वाढते आणि जानेवारीत त्याला निळी फुले येतात. त्या हिरव्या पट्ट्यात तीरचिमण्या, धोबी व गायबगळे चरतात. तारांवर माळभिंगऱ्या रांगेने बसतात. बाभळीच्या टोकावर बसलेला खाटीक खाली झेप घेऊन नाकतोडा उचलतो. आकाशात एकाच जागी पंख फडफडवीत राहणारी कापशी धानाच्या बिळांतील उंदीर शोधीत असते. उंदीर खाणारा दुसरा शेतकरीमित्र, गव्हाणी घुबड, तेच काम रात्री करतो.

दिवस मावळल्यावर जुन्या झाडाच्या ढोलीतून पिंगळ्याची जोडी बाहेर येते. त्यांचा कर्कश कलकलाट हिवाळ्यात वाढतो, कारण त्यांच्या विणीचा काळ सुरू झालेला असतो. पिंगळ्याच्या किंवा टिटवीच्या ओरडण्यातून शुभाशुभ काढण्याची रीत सर्वत्र आहे. तीतून एवढे मात्र सिद्ध होते की, हे आवाज लोकांनी कान देऊन ऐकले होते. निरीक्षकाने तोच कान ठेवावा आणि अर्थ मात्र ऋतू व विणीच्या संदर्भात लावावा. गावाबाहेर कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकू आल्यास तिची वेळ व दिशा लिहावी. जेथे ती पूर्वी ऐकू येई आणि आता येत नाही, तेथे वृद्धांना विचारून शेवटचे वर्षही नोंदवावे.

नोंदवही

निरीक्षणाची सर्व किंमत नोंदीवर अवलंबून आहे. साधी वही आणि पेन्सिल पुरते. प्रत्येक पानावर तारीख, आरंभाची व अखेरची वेळ, स्थळ आणि हवामान लिहावे. मग जीवाचे नाव, संख्या आणि तो काय करीत होता, हे लिहावे. नाव माहीत नसेल तर तर्क करू नये. आकार, रंग, चोच, आवाज व चाल ह्यांचे वर्णन लिहून जागा मोकळी सोडावी.

तीन नियम कटाक्षाने पाळावेत. पहिला, मार्ग आणि वेळ बदलू नये. एकाच वाटेने, त्याच वेळी केलेल्या दहा फेऱ्यांची तुलना करता येते. दहा वेगळ्या वाटांची करता येत नाही. दुसरा, शून्यही लिहावे. ‘आज तळ्यावर एकही वारकरी नाही’ ही पूर्ण नोंद आहे. तिसरा, निरीक्षणाचा जीवांना उपद्रव होऊ नये. थवा उडावा म्हणून दगड मारणे, घरट्यात हात घालणे किंवा पक्ष्याला भुलविण्यासाठी त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज वाजविणे अयोग्य आहे. वन्य पक्षी पकडणे अथवा मारणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

अशा नोंदी एका वहीतच राहण्याचे कारण नाही. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत केली जाते. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या अंगणातील पक्षिगणनेत भारतीय निरीक्षक २०१३ पासून सहभागी होत आले आहेत. तीत किमान पंधरा मिनिटांची मोजणी पुरेशी असते. २०२३ च्या अहवालात देशातील ९४२ जातींच्या स्थितीचा विचार झाला, तो तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या नोंदींच्या आधारे. त्यांतील बहुसंख्य निरीक्षक शास्त्रज्ञ नव्हते.

सर्वसामान्य जीवांचे मोल

ह्या खटाटोपाचा उपयोग काय, हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर गिधाडांच्या इतिहासात सापडते. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड भारतात इतके विपुल होते की, ते मोजण्याची आवश्यकता फारच थोड्यांना वाटली. प्रत्येक गावाच्या ढोरफोडीच्या जागेवर ते असणारच, असे गृहीत होते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मात्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश ह्यांनी त्या दशकात गिधाडांच्या नोंदी ठेवल्या होत्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच जागी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा जुन्या आकड्यांच्या आधाराने ही भयानक घट निर्विवादपणे दाखविता आली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात जाते व त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत, दर हजार पक्ष्यांमागे सुमारे एकच उरला होता.

सर्वत्र अशा वह्या असत्या, तर इशारा कदाचित काही वर्षे आधी मिळाला असता. हानी होऊन गेल्यावर स्मरण उपयोगी पडत नाही. ‘पूर्वी पुष्कळ होते’ ह्या वाक्यावरून कोणताही उपाय योजता येत नाही.

उतईसारख्या गावात हा धडा आणखी निकडीचा आहे. नगर वाढते, शेतांचे भूखंड होतात, मातीच्या भिंती सिमेंटच्या होतात आणि तळ्याचा चिखलाचा उतार बांधून काढला जातो. ह्यांतील पुष्कळ बदल मनुष्याला हवेच असतात. त्यांना सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु चिखल गेला की तुतवार व धोबी कोठे जातात, कौले गेली की चिमणी कोठे घर करते, हे माहीत असेल तरच नव्या बांधणीत त्यांच्यासाठी थोडी जागा राखता येईल. घाटाची एक बाजू मातीची ठेवावी, ही मागणी नगर पंचायतीपुढे मांडणाऱ्याच्या हाती पाच हिवाळ्यांचे आकडे असले, तर तिला वजन येते.

पौष पौर्णिमेला छत्तीसगढात छेरछेराचा सण असतो. मुले थैल्या घेऊन दारोदार जातात आणि प्रत्येक घरातून त्यांना पसाभर धान मिळते. त्या दिवशी सकाळी गावातील प्रत्येक दार उघडे असते आणि मुले गावातील प्रत्येक घर पाहतात. शाळेतील शिक्षकाने त्यांना एवढेच सांगावे की, परत येताना किती दारांवर धानाची झालर होती आणि तीवर किती चिमण्या होत्या, हे मोजून यावे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेला तो आकडा वहीत उतरवून घ्यावा. पुढील पौषात त्याच दारांशी पुन्हा मोजणी करावी, म्हणजे गावाचा स्वतःचा पहिला लेखी पुरावा तयार होईल.